शिंपले दोन, जाती दोन? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा काठावर दोन शिंपले मिळाले. एक रुंद, एक लांबट. नर-मादी असावेत का?

नाही. नर-मादी असे वरून ओळखता येत नाहीत. आपल्या विदर्भातल्या तळ्यानद्यांत लॅमेलिडेन्स प्रजातीच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या एका गटाच्या, दोन सख्ख्या बहिणी म्हणाव्यात अशा जाती भेटतात, मार्जिनॅलिस आणि कोरियानस. पहिलीच्या नावातच काठ आहे. तिच्या काळपट तपकिरी कवचाच्या कडेला फिकट पिवळसर पट्टा असतो आणि मागची बाजू रुंदावते. कोरियानस अरुंद, लांबोळकी. म्हणून तुमचा लांबट शिंपला कोरियानस असू शकतो. पण एका रिकाम्या शिंपल्यावरून नाव ठरवू नका. उन्हात पडून वरचा पापुद्रा सुटला की तो पट्टाच दिसत नाही. शिवाय गाळ, पाण्याची ओढ, वय यांनी एकाच जातीचे आकार बदलतात. त्याच जागचे आठ-दहा शिंपले शेजारी मांडा, लांबी आणि उंची मोजा, मगच बोला. मीही तसेच करते.

प्रश्न : घरच्या टाकीत जिवंत शिंपले वर्षभर ठेवले, पिल्ले झाली नाहीत. काय चुकले?

टाकीत मासे होते का? या दोन्ही जातींच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात, मगच गाळात उतरतात. मासा नसेल तर पुढची पिढी नाही. म्हणूनच तलावातले देशी मासे संपले की शिंपलेही हळूहळू संपतात. जुने शिंपले बरीच वर्षे जगतात, त्यामुळे हे लवकर लक्षात येत नाही. मला याची सर्वांत जास्त काळजी वाटते.

प्रश्न : मोत्यांसाठी यातली कोणती जात घ्यावी?

दोन्ही चालतात, जास्त वापर मार्जिनॅलिसचा. मोती तयार व्हायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागते. नागपूरच्या मे महिन्यात उथळ सिमेंटची टाकी तापते, ते आधी लक्षात घ्या.

प्रश्न : नाग नदीतले शिंपले खाल्ले तर?

नको. शिंपला पाणी गाळून जगतो, आणि त्या नदीत शहराचे सांडपाणी येते. उकळल्याने जंतू मरतील, शरीरात साठलेले जड धातू तसेच राहतील. मोजून झालेले जिवंत शिंपलेही जिथून आणले, त्याच पाण्यात, गाळावर अलगद सोडा.