बिटाचं अंडं लाल का होत नाही?

प्रश्न : ईस्टरची अंडी यंदा स्वयंपाकघरातल्याच जिनसांनी रंगवायची ठरवली. बिटाबरोबर उकडली, तर लाल सोडाच, मळकट तपकिरी डाग पडले. जांभळ्या कोबीच्या पाण्यातली पुसायला घेतली, तर निम्मा रंग फडक्यालाच. लाल आणि निळा नीट यावा म्हणून काय करू?

उत्तर : बिटाच्या नादाला आधी सगळेच लागतात, मीही लागले होते. बिटाचा रंग आच सोसत नाही, उकळत ठेवला की तपकिरीकडे झुकतो. लाल हवा तर कांद्याची सुकी सालं घ्या. दहा-बारा कांद्यांची सालं 1 लिटर पाण्यात अर्धा तास उकळा आणि गाळा. भडक लाल नाही, वीटकरी तांबडा येतो. पण येतो हमखास.

कोबीची मात्र गंमत आहे. अर्धा गड्डा चिरून तितक्याच पाण्यात तितकाच वेळ उकळा, गाळून पूर्ण गार करा आणि कपाला 1 मोठा चमचा व्हिनेगर घाला. जांभळं पाणी एकदम गुलाबी होतं. पहिल्या वेळी मी ते बिघडलं समजून चक्क ओतून दिलं! खरं तर आंबटपणाने कोबीचा रंग गुलाबी होतो आणि कवचातल्या कॅल्शियम कार्बोनेटला भिडला की निळ्याकडे वळतो. आधी वेगळी उकडून गार केलेली पांढरी अंडी त्यात बुडवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. तपकिरी कवचावर निळा खुलत नाही.

तुमचा रंग फडक्याला लागला, कारण अंडी ओली होती. चमच्याने अलगद काढा, जाळीवर ठेवा आणि वाळेपर्यंत हात लावू नका. व्हिनेगरही हात राखून घाला. जास्त झालं की कवचाचा वरचा थरच सुटतो, रंगासकट. वाळल्यावर तेलाचं बोट फिरवलंत तर चकाकी येते. रंगवण्याआधी मात्र तेलकट बोट नको. माझ्या एका हळदीच्या अंड्यावर अंगठा असा उमटला होता की रेषा मोजून घ्याव्यात!

हिरवा हवा असेल तर हळदीचं पिवळं अंडं वाळवून थोडा वेळ कोबीच्या पाण्यात सोडा.

खायची अंडी फ्रीजमध्येच ठेवा, आठवड्यात संपवा. 2 तासांहून जास्त बाहेर राहिलेली फक्त शोभेची.