सनद काढ, पण खोटं वाजवू नको

तुझा मेसेज काल रात्री वाचला, उत्तर द्यायला घेतलं आणि नुसती चिडचिड झाली म्हणून आज लिहितोय. तू दोन गोष्टींचा एकत्र काला केलायस बघ. वकिली करू की गाणं, हा एक. आणि त्या कंपनीला तुझ्या चालीतलं तीस सेकंदांचं हुक, म्हणजे चटकन डोक्यात बसणारा तुकडा, हवंय, मधली ती कोमल निषादाची जागा "लोकांना कळत नाही" म्हणून काढून टाक म्हणतायत, तर काढू का, हा दुसरा. पहिल्याची चिंता सोड. दुसऱ्याचं उत्तर नाही. काढायची नाही.

होगी कारमायकल माहितीये ना, 'स्टारडस्ट' गाण्याची चाल बांधणारा अमेरिकन संगीतकार? माझ्याकडे त्याचं गाणं वाजवलंयस तू, माणूस कोण ते कधी विचारलं नाहीस. इंडियानातल्या ब्लूमिंग्टनचा, जन्म १८९९ चा. आई मूकपटांना पियानो वाजवायची, घरात पैशाची कायम ओढाताण. १९१८ च्या फ्लूच्या साथीत त्याची तीन वर्षांची बहीण गेली, आणि चांगला डॉक्टर परवडला नाही म्हणून गेली हे त्याच्या मनात इतकं बसलं की पुन्हा कफल्लक राहायचं नाही असं ठरवून टाकलं त्याने. म्हणून वकिली. १९२६ ला लॉची डिग्री घेतली, काही काळ ते कामही केलं, नंतर न्यूयॉर्कला येऊन गुंतवणुकीच्या फर्ममध्ये नोकरी केली, आणि हे सगळं चालू असताना चाली होतच होत्या. तेव्हा आई सनद घे म्हणते त्यावर तोंड वाकडं करू नको. तिला भीती कशाची आहे ते तुला ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. होगीला घडवलं कोणी, तर इंडियानापोलिसच्या रेज ड्यूव्हॅल नावाच्या एका कृष्णवर्णीय पियानिस्टने. होगी तेव्हा पोरसवदा, त्याच्याजवळ बसून रॅगटाइम, म्हणजे जॅझच्या आधीची ती उसळती पियानोची शैली, शिकायचा. ड्यूव्हॅलने सांगितलेलं होगीने जन्मभर लक्षात ठेवलं, की बरोबर नाही ते वाजवायचंच नाही, पैसे मिळतील न मिळतील, पण स्वतःचा राग तरी येणार नाही. बरोबर नाही ते वाजवायचं नाही. मला दुसरं काही सांगायचंच नाहीये खरं तर.

स्टारडस्ट घे. सी मध्ये वाजवलंस तर मुख्य भाग सी च्या कॉर्डवर सुरूच होत नाही, एफ येतो, मग एफ मायनर, मग कुठे सी. घरी, म्हणजे सी वर, यायच्या आधीच चाल उदास होते. वर त्या सुरांच्या उड्या, गळ्यासाठी नाहीतच त्या, कॉर्नेटच्या आहेत, म्हणजे ट्रम्पेटसारख्या त्या वाद्याच्या, होगीला जॅझमधल्या बिक्स बायडरबेकच्या कॉर्नेटचा नाद होता त्यामुळे आलेल्या. ३१ ऑक्टोबर १९२७ ला इंडियानातल्याच रिचमंड गावात जेनेट या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत पहिल्यांदा रेकॉर्ड झालं. पियानोच्या कारखान्याच्या आवारातला स्टुडिओ, शेजारून रेल्वे, गाडी आली की काम थांबवायचं. शब्द नव्हते, लय बरीच चढी होती, आणि फार काही झालं नाही त्याचं. १९२९ ला मिचेल पॅरिशचे शब्द आले, १९३० ला आयशम जोन्सच्या ऑर्केस्ट्राने ते संथ केलं आणि मग लोकांना कळलं की अरे हे काय आहे. १९३१ ला गायक बिंग क्रॉस्बीने गायलं, त्याच वर्षी जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगनेही. लय बदलली, शब्द आले, तो एफ मायनर जागच्या जागी राहिला.

तू लगेच म्हणशील, काका, आर्मस्ट्राँगने तर उड्या सपाट करून अख्ख्या ओळी जवळजवळ एका सुरावर म्हटल्या, मग मी बदललं तर काय बिघडलं? अगं, त्याला त्या चालीत काय आहे ते पुरतं कळलं होतं, खाली कॉर्ड तसेच चालू ठेवून तो वर खेळला. तुझ्या त्या कंपनीतल्या माणसाने तुझं गाणं शेवटपर्यंत तरी ऐकलंय का? मला वाटत नाही.

मी कोण सांगणारा, तर बँकेत नोकरी करून शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात ॲकॉर्डियन आणि कीबोर्ड वाजवणारा. स्टारडस्ट मला आमच्या गोवन सरांनी बसवून दिलं, डाव्या हाताला एक सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. पुढे मालकाने ट्रॅक आणले, मागे कॅसेट वाजणार आणि आम्ही हात हलवायचे, तेव्हा मी बाहेर पडलो. पगार होता म्हणून परवडलं असं लोक म्हणतात, म्हणू देत, पगार होता म्हणूनच तर नाही म्हणता आलं ना, मग नोकरी वाईट कशी? आमचा गिटारिस्ट मात्र राहिला तिथे, त्याला पर्याय नव्हता, आणि त्यानंतर आम्ही एकत्र कधी बसलोच नाही. आता तो नाही. ते टोचतं मला अजून. पण ट्रॅकवर हात हलवले असते तर बरं झालं असतं असं एकदाही वाटलेलं नाही.

आणि होगीचंच सांगायचं तर त्याच्या 'जॉर्जिया ऑन माय माइंड' गाण्याची चाल १९३० ची, शब्द त्याच्या कॉलेजच्या रूममेटचे, स्टुअर्ट गोरेलचे, जो पुढे बँकेत गेला. रॉक अँड रोल आल्यावर होगीला काम देणारे कमी झाले, तोवर त्याला ऑस्करही मिळालेलं होतं, तरी कमी झाले. मग १९६० ला गायक रे चार्ल्सने तीच तीस वर्षांपूर्वीची चाल गायली आणि १९७९ ला ते अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचं राज्यगीत झालं. होगी तेव्हा हयात होता, १९८१ ला गेला. बाजाराचं ऐकून तीस सेकंदांची केली असती ती चाल तर रे चार्ल्सच्या हाती काय लागलं असतं?

त्यांना कळव की चाल आहे तशी हवी असेल तर द्यायला तयार आहे. लय कमी करा, वाद्यं बदला, दुसऱ्याकडून गाऊन घ्या, चालेल. ती जागा जाणार नाही. नाही म्हणाले तर नाही. आणि मेलमध्ये माफी मागत बसू नकोस उगाच. परीक्षा झाली की ये, जॉर्जिया एफ मध्ये बसवू, पण दुसरा कॉर्ड ए सेव्हन आहे, तू मागच्या वेळी तिथे साधा ए मायनर मारत होतीस, तो घरूनच नीट करून ये.