तज्ज्ञांमध्येच मतभेद असतील तर सामान्य माणसाने कुणाचं ऐकायचं?

पदव्या मोजत बसू नका, त्या दोन्हीकडे असतात. दोघांनाही एकच विचारा: फायदा झाला तो कुणाच्या तुलनेत?

कोविडमधल्या प्लाझ्माचं उदाहरण घ्या, म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातला द्रव भाग आजारी रुग्णाला देण्याचा उपचार. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेचे प्रमुख म्हणाले की, प्लाझ्मामुळे १०० पैकी ३५ रुग्ण वाचले असते. चूक त्यांनी दुसऱ्याच दिवशी मान्य केली. तिथल्या मोठ्या अभ्यासात भरपूर अँटिबॉडी (विषाणूशी लढणारी प्रथिनं) असलेला प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी ८.९ टक्के रुग्ण ७ दिवसांत दगावले, कमी अँटिबॉडीवाल्यांपैकी १३.७ टक्के. ही घट ३५ टक्के भरते खरी, पण १०० रुग्णांमागे ती पाचसुद्धा नाही. टक्के ऐकले की 'शंभरात किती?' हे विचाराच. शिवाय त्या अभ्यासात प्लाझ्मा सगळ्यांनाच दिला होता. न दिलेला गटच नव्हता.

आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, आपल्या चाचणीत तो गट ठेवला. ३९ रुग्णालयांतले ४६४ रुग्ण, कुणाला प्लाझ्मा द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. हे महत्त्वाचं, कारण निवड डॉक्टरांवर सोडली की बरे होण्याजोगे रुग्ण नकळत एकाच गटात जाऊ शकतात. २८ दिवसांत आजार गंभीर झालेले किंवा दगावलेले: प्लाझ्मा घेतलेल्यांत १९ टक्के, न घेतलेल्यांत १८. न घेतलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के जगले. म्हणूनच 'माझे रुग्ण प्लाझ्माने बरे झाले' असं प्रामाणिकपणे सांगणारा डॉक्टरही चुकू शकतो.

यावर आक्षेप आला की, वापरलेल्या प्लाझ्मात अँटिबॉडी कमी होत्या. आक्षेप रास्तच होता, कारण तो तपासता येणारा होता. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत भरपूर अँटिबॉडीवाला प्लाझ्मा ११ हजारांहून अधिक रुग्णांवर तपासला गेला. दोन्ही गटांत २४ टक्के मृत्यू. मे २०२१ मध्ये भारताच्या उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळला गेला. तोवर आपल्याकडे नातेवाईक रात्री-अपरात्री दाते शोधत फिरत होते, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आक्षेप घेणाऱ्यालाही विचारा, 'कोणता निकाल आला तर तुम्ही मत बदलाल?' उत्तर देता येत नसेल तर तो आक्षेप बाजूला ठेवा. भारतातल्या औषधचाचण्यांची आगाऊ नोंद सीटीआरआय या सरकारी चाचणी-नोंदवहीच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. 'प्राथमिक निष्पत्ती' म्हणून, म्हणजे चाचणीत मुख्यतः काय मोजायचं म्हणून, तिथे काय लिहिलं होतं ते बघा. बातमीत भलताच फायदा मिरवला जात असेल, तर मूळ मोजमापात काय निघालं ते आधी शोधा.