समोरच्या हॉटेलने थाळीचा भाव पाडला. युद्धनीती इथे कशी लावावी?

म्हापशात तुमची छोटी खानावळ, आणि समोरच्या मोठ्या हॉटेलने मासळीची थाळी २० रुपयांनी स्वस्त केली, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही भाव अजिबात पाडू नका. रोज ६० थाळ्या धरल्या तर दिवसाला १,२०० रुपये जातात, २६ दिवसांत ३१,२००. रसद त्याची मोठी, आधी तुमचीच संपेल.

१६८३ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने मराठ्यांचा फोंड्याचा किल्ला वेढला, पण त्याला हात हलवत परतावं लागलं. त्यानंतर संभाजीराजांच्या फौजेने ओहोटी साधून थेट पोर्तुगीजांच्या राजधानीजवळचं जुवें बेट घेतलं. शत्रू जिथे गाफील, तिथे घाव.

तुमचं जुवें शोधा. आठवडाभर वहीत टिपा: त्याची पहिली थाळी किती वाजता निघते, पार्सलला किती वेळ लागतो. साडेबारापर्यंत तिथे काही मिळत नसेल, तर शुक्रवारच्या बाजारातल्या विक्रेत्यांना साडेअकरालाच हुमण-भात, म्हणजे माशांची आमटी आणि भात, जागेवर पोचवा. सोमवारी मासे न खाणाऱ्यांसाठी खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, ठेवा. मात्र दोन्ही एकदम नको. एका स्वयंपाक्यावर दोन आघाड्या उघडल्या की नेहमीचं गिऱ्हाईक ताटकळतं आणि तेच आधी समोर जातं. बाजाराचं पार्सल महिनाभर वेळेवर निघालं, की मगच खतखतं.