गाणारा नसला की पोस्ट-रॉक होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा दिसतोय की मोगवाय, एक्स्प्लोजन्स इन द स्काय, गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर वगैरे बँडना इन्स्ट्रुमेंटल रॉक म्हणायचं का पोस्ट-रॉक, आणि तुमचा एक मित्र म्हणतो गाणारा नसला की झालं पोस्ट-रॉक, दुसरा म्हणतो ही सगळी लेबलं फालतू आहेत, आवडलं तर ऐका नाहीतर सोडा. आणि तुम्ही मध्ये अडकलात. दोघंही चुकतायत, पण पहिला जास्त, म्हणून आधी त्याला घेऊ.

गाणारा नसलेलं रॉक पोस्ट-रॉकच्या कितीतरी आधीचं आहे. लिंक रेचं 'रंबल' १९५८ चं. त्यात एक शब्द नाही, नुसती खरखरीत गिटार, तरी अमेरिकेत काही रेडिओ स्टेशनांनी ते लावणं बंद केलं होतं, कारण नावावरून टोळ्यांची मारामारी आठवते आणि पोरं बिघडतील अशी भीती. शब्दच नाहीत तरी बंदी, याच्याहून मोठं सर्टिफिकेट गिटारला काय मिळणार सांगा. मग १९६० ला इंग्लंडात द शॅडोजचं 'अपाचे' आणि अमेरिकेत द व्हेंचर्सचं 'वॉक, डोन्ट रन', लगेच पाठोपाठ डिक डेल आणि सगळी सर्फ मंडळी, म्हणजे समुद्रावरच्या लाटांच्या नादातली गिटारवाली. पुढे १९८७ ला जो सॅट्रियानीचा 'सर्फिंग विथ द एलियन', जो आमच्या पिढीतल्या गिटार शिकणाऱ्या प्रत्येक पोराने कधी ना कधी वाजवायचा प्रयत्न करून सोडून दिलाय. यातल्या कोणालाही कोणी पोस्ट-रॉक म्हणत नाही. ग्रॅमीवाल्यांकडे तर रॉक इन्स्ट्रुमेंटलचं वेगळं बक्षीसच होतं, १९८० पासून २०११ पर्यंत, आणि ते सगळ्यात जास्त वेळा जेफ बेकने नेलं. आता जेफ बेक पोस्ट-रॉक आहे असं तुमच्या मित्राने कुठल्या गिटारवाल्यासमोर म्हणून दाखवावं.

बरं आता उलट्या बाजूने बघा. पोस्ट-रॉक हा शब्द चालू झाला तो सायमन रेनॉल्ड्स या समीक्षकामुळे, १९९४ मध्ये, बार्क सायकोसिसच्या 'हेक्स' अल्बमवर लिहिताना. आणि बार्क सायकोसिसमध्ये गाणारा आहे! व्यवस्थित गातो तो, हळू आवाजात का होईना. त्याच्या आधीचे जे बँड या घराण्याचे मूळ पुरुष मानतात ते टॉक टॉक, त्यांचे शेवटचे दोन अल्बम १९८८ आणि १९९१ चे, त्यात मार्क हॉलिसचा आवाज काढून टाकला तर अर्धा जीवच जाईल. आणि स्लिंटचा 'स्पायडरलँड', तोही १९९१ चाच, त्यात माणूस बऱ्याच ठिकाणी गात नाही पण गोष्ट सांगितल्यासारखा बोलतो, आणि शेवटी किंचाळतो. म्हणजे ज्या अल्बमांवरून हे नाव आलं तेच बिनागाण्याचे नव्हते. रेनॉल्ड्सचं म्हणणं ढोबळमानाने एवढंच होतं की वाद्यं रॉकची पण काम रॉकचं नाही, गिटार रिफ (परत परत येणारा छोटा तुकडा) मारायला नाही तर आवाजाचा पोत आणि रंग तयार करायला वापरलेली. गाणारा असावा का नसावा यावर ते अवलंबूनच नव्हतं.

त्यामुळे तुमच्या मित्राचं गणित दोन्हीकडून फसतं. गाणारा नाही पण पोस्ट-रॉक नाही असे बँड ढीगभर, गाणारा आहे पण पोस्ट-रॉक आहे असेही आहेत (सिगुर रोस हा बँड घ्या ना, त्यांचा गाणारा तर काही गाणी कुठल्याच भाषेत नसलेल्या शब्दांत गातो, आणि 'पोस्ट-रॉक' म्हटलं की निम्म्या लोकांना आधी तेच आठवतात). खुद्द मोगवायच्या बऱ्याच गाण्यांत आवाज आहे. २०२१ मध्ये त्यांचा 'अ‍ॅज द लव्ह कंटिन्यूज' इंग्लंडच्या चार्टवर एक नंबरला गेला, त्यात सुद्धा एक अगदी सरळ गायलेलं गाणं आहे. मग ते गाणं चालू असताना ते पोस्ट-रॉक नसतात आणि संपलं की परत होतात, असं आहे का.

माझं उत्तर असं आहे की इन्स्ट्रुमेंटल हा शब्द काय नाहीये ते सांगतो आणि पोस्ट-रॉक हा शब्द संगीत कसं चालतं ते सांगतो. आपल्याकडे शास्त्रीय शिकलेल्या कोणालाही हे पटकन कळेल. भूप आणि देशकार, दोन्हीत तेच पाच स्वर, सा रे ग प ध, एक जास्त नाही एक कमी नाही. तरी भूप गंधारावर उभा राहतो, देशकार धैवतावर, एक रात्रीचा एक सकाळचा, आणि भातखंड्यांनी तर दोघांना वेगवेगळ्या थाटात, म्हणजे रागांच्या गटात टाकलं, कल्याण आणि बिलावल. स्वरांची यादी करून राग ओळखता येत नाही, चलन, म्हणजे राग चालतो कसा, ते ऐकावं लागतं. तसंच 'दोन गिटार, बेस, ड्रम, गाणारा नाही' ही यादी झाली, त्यावरून काहीच कळत नाही. (विष्णू दिगंबर पलुस्करांनी ज्या गावात शेवटची वर्षं काढली त्या नाशकातला मी, त्यामुळे मध्येच राग काढला तर माफ असावं.)

आणि खरा फरक मला कुठे वाटतो ते सांगतो, हा आमच्या कॉलेज रोडच्या टपरीवर बऱ्याच चहांनंतर निघालेला मुद्दा आहे आणि तो काढणारा मी नाही, आमच्यातला एक सतार शिकलेला आहे तो. तो म्हणाला की सॅट्रियानी म्हणजे गायकी अंग. विलायत खाँसाहेब जसे सतारीवर गायचे तसा हा गिटारवर गातो, गाणाऱ्याची जागा आहे, फक्त तिथे गळ्याऐवजी तारा बसल्यात. शॅडोजचं पण तेच, 'अपाचे'ची चाल तुम्ही शिट्टीवर वाजवू शकता. पण मोगवाय किंवा गॉडस्पीडमध्ये ती जागाच नाही. पुढे कोणी उभाच नाही, सगळे मागे आहेत. गॉडस्पीडचा २००० सालचा डबल अल्बम घ्या, सगळा मिळून चारच तुकडे, एकेक वीस मिनिटांच्या आसपास, त्यातली 'चाल' गुणगुणून दाखवा म्हटलं तर तुम्ही काय गुणगुणणार? व्हायोलिन चढतंय, ड्रम कुठून तरी येतोय, मध्येच कोणाचं तरी रेकॉर्ड केलेलं बोलणं. चढतं आणि उतरतं, बस.

यावर आमच्यातच एकाने बेंजो पार्टी काढली. म्हणजे लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत जो बेंजो असतो, करंट लावलेला, कानठळ्या बसवणारा, मागे ड्रम आणि ऑक्टोपॅड, गाणारा कोणी नाही, मग हे काय इन्स्ट्रुमेंटल रॉक नाही का. सगळे हसले पण मला तो प्रश्न अजून हसण्यासारखा वाटत नाही. करंट आहे, ड्रम आहे, आवाज आहे, पोरं नाचतायत, 'रंबल'पेक्षा जास्त रॉक आहे म्हटलं तरी चालेल. फक्त तो बेंजो पक्का गायकी अंगाचा आहे, सिनेमाचं गाणं तो शब्दांसकट वाजवतो, ऐकणाऱ्याच्या डोक्यात शब्द आपोआप चालू होतात. म्हणून तो इन्स्ट्रुमेंटल नक्की, पोस्ट-रॉक अजिबात नाही. तुमच्या मित्राला हे उदाहरण द्या, तो गप्प बसेल नाहीतर कायमचं बोलणं सोडेल.

आता दुसरा मित्र, लेबलं फालतू वाला. याच्याशी माझं निम्मं जमतं, कारण ज्यांच्यावर लेबल लागतं ते स्वतः ते लावून घेत नाहीत हे खरंय. मोगवायवाल्यांना तो शब्द आवडत नाही, एक्स्प्लोजन्सवाले स्वतःला साधा रॉक बँड म्हणवतात. आमचंच बघा, केरळात आणि मंगळूरकडे 'नाशिक ढोल' नावाचा अख्खा प्रकार आहे, उत्सवाला, मिरवणुकीला तिकडची पोरं 'नाशिक ढोल' वाजवतात आणि त्यांची पथकं त्याच नावाने ओळखली जातात. इथे नाशकात गणपतीच्या आधी मैदानात सराव करणाऱ्या पोराला विचारा काय वाजवतोस, तो म्हणेल ढोल. नाव बाहेरच्याने ठेवलं, बाहेरच्याला गरज होती म्हणून. त्याला शंभर प्रकारच्या वाजवण्यातून हे एक वेगळं काढायचं होतं. रेनॉल्ड्सला पण तेच करायचं होतं.

पण म्हणून लेबल फालतू होत नाही ना. तुमच्या दुसऱ्या मित्राला कोणी एक्स्प्लोजन्स ऐकवलं, आवडलं, आता त्याला अजून तसलं हवंय, तर तो काय शोधणार? 'गाणं नसलेलं' असं टाकलं तर त्याला झोपेसाठीचा पियानो, पावसाचा आवाज आणि जिमसाठीचे बीट्स मिळतील. पोस्ट-रॉक टाकलं तर जपानचे मोनो मिळतील, आयर्लंडचे गॉड इज अ‍ॅन अ‍ॅस्ट्रॉनॉट मिळतील, आणि आपल्याकडचे अहमदाबादहून सुरू झालेले अ‍ॅज वी कीप सर्चिंग मिळतील, जे हिंदीत गातात पण, म्हणजे परत पहिल्या मित्राची पंचाईत. लेबल पत्ता सांगण्यापुरतं असावं, घर कसंय ते आत जाऊन बघायचं. भांडण तेव्हा लागतं जेव्हा लोक लेबलाने किंमत करायला लागतात, म्हणजे पोस्ट-रॉक म्हटलं की हुशार आणि इन्स्ट्रुमेंटल म्हटलं की लिफ्टमध्ये वाजणारं. हा माज मला अजिबात आवडत नाही, आणि तो आपल्याकडे जरा जास्तच आहे असं माझं मत.

आणि एक तक्रार माझी स्वतःची. २००३-०४ नंतर या नावाचा एक साचा झाला. हळू सुरुवात, एकटी गिटार खूप एको लावून, मग दुसरी, मग ड्रम हळूहळू, मग सातव्या मिनिटाला सगळे एकदम तुटून पडतात आणि मग शांत. चाहत्यांनीच त्याला चेष्टेने क्रेसेंडोकोर नाव ठेवलंय आणि ते बरोबर आहे. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो, पण नंतर तुम्हाला तिसऱ्या मिनिटालाच कळतं की आता काय होणार. मजा म्हणजे शिकागोचे टॉर्टॉइज, ज्यांना सुरुवातीला पोस्ट-रॉकचा चेहरा मानायचे, ते असलं काही करतच नाहीत. त्यांच्यात व्हायब्राफोन आहे, मरिंबा आहे, जॅझ आहे, जमैकाचा डब (रेगेतून निघालेला, एको आणि बेसवर चालणारा प्रकार) आहे, आणि १९९६ च्या अल्बमात पहिलाच तुकडा वीस मिनिटांचा आहे जो कुठेच तुटून पडत नाही. आजच्या पोराला पोस्ट-रॉक म्हणून टॉर्टॉइज लावून दिलं तर तो म्हणेल हे कसलं पोस्ट-रॉक.

मॅथ रॉकबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय म्हणून थोडक्यात. तिथे ताल सारखा बदलतो, सात, अकरा असल्या मात्रा येतात, मोजत बसावं लागतं म्हणून गोऱ्या लोकांनी त्याला गणित म्हटलं. आपल्याकडे तबल्याच्या क्लासला जाणारं पोर रूपकच्या सात मात्रा हातावर मोजतं, त्यामुळे सात ऐकून तुम्ही दचकू नका. डॉन कॅबालेरो ऐका, जपानचे टो ऐका. टो जास्त गोड आहेत. पोस्ट-मेटल म्हणजे तीच पोस्ट-रॉकची रीत पण गिटार जड, रशियन सर्कल्स, पेलिकन, दोन्ही शिकागोचेच, दोन्ही जवळजवळ बिनागाण्याचे. पॉलिफिया या गिटार बँडवाल्यांना मात्र कोणी पोस्ट-रॉक म्हणालं तर तिथेच थांबवा, ती पोरं सॅट्रियानीच्या वंशातली आहेत, फक्त ड्रम हिपहॉपचे घेतलेत.

वाद मिटवायचाच असेल तर एक करा, तिघं बसा, आधी 'अपाचे' लावा, मग मोगवायच्या १९९७ च्या पहिल्या अल्बमातला शेवटचा तुकडा, सोळा मिनिटांचा आहे, मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका, आणि मग स्लिंट. पहिल्या मित्राला विचारा यातलं पोस्ट-रॉक कोणतं. तो 'अपाचे' म्हणाला तर त्याचा नाद सोडा. स्लिंट नाही म्हणाला तर हे उत्तर वाचायला द्या. आम्ही मध्यंतरी मुंबईला जाताना गाडीत हेच केलं होतं, कसारा घाटात मोगवाय चालू होतं आणि मागच्या सीटवरचा ढोलवाला म्हणाला की यात ताशा हवा होता. त्याच्याशी मी सहमत आहे.

टॉर्टॉइज कुठून सुरू करायचं ते वेगळा प्रश्न टाकून विचारा, त्यावर बरंच आहे बोलण्यासारखं, इथे मावणार नाही.