चंद्रतालच्या काठी तंबू

प्रश्न : जुलैअखेर मनालीहून थेट चंद्रतालला जाऊन काठावरच तंबू ठोकायचाय. सोबत पासष्टीचे बाबा आहेत. जमेल ना? – एक वाचक, सातारा

उत्तर : काठ विसरा, तिथे तंबूला बंदी आहे. हिमाचलातल्या स्पितीमधलं हे तळं २००५ पासून रामसर यादीत, म्हणजे जपायच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. तंबूंचे तळ दोन-तीन किलोमीटर अलीकडे असतात. तळ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा पायीच.

माझी खरी काळजी वेगळीच. मनाली दोन हजार मीटरवर, चंद्रताल सव्वाचार हजारांच्या वर. एका दिवसात एवढी चढाई म्हणजे रात्रभर डोकं ठणकणार, मळमळणार, आणि जवळ दवाखाना नाही. बाबांना घेऊन किन्नौरमार्गे स्पितीतल्या काझा गावाला या, तिथे दोन-तीन रात्री काढा, मग कुंझुम खिंड उतरून तळ्यावर. लांबचा पल्ला आहे, पण मी तरी दुसरा रस्ता सुचवणार नाही. परतताना मनालीच्या वाटेवरच्या बातलहून पहाटेच निघा. उन्हं चढली की बर्फ वितळून रस्त्यावरचे नाले फुगतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गाडीच्या दारापर्यंत येतं. रात्री बॅटऱ्या आणि मोबाईल झोपायच्या पिशवीतच ठेवा, गारठ्यात चटकन उतरतात. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच. आणि हो, तिथे दारूचं नाव नको!