लेगोच्या ठोकळ्यांपासून मुंग्यांचं घर केलं तर मुंग्या निसटतील का?

मुंगळ्यांसाठी केलंत तर सहसा नाही. घरातल्या बारीक लाल मुंग्या मात्र ठोकळ्यांमधल्या फटींतूनही वाट काढतात. म्हणून मुंगळेच निवडा.

ठोकळ्यांचं प्लास्टिक पाणी शोषत नाही आणि ओलावा नसेल तर अंडी-अळ्या सुकतात. त्यामुळे भिंती आणि बोगदे ठोकळ्यांचे करा, पण तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर ओता. तो पूर्ण वाळू द्या, मग एका कोपऱ्यात अधूनमधून पाण्याचे थेंब सोडा. एक ठोकळा ९.६ मिलिमीटर उंच असतो, मुंगळ्यांच्या दालनाला तेवढी उंची पुरते. वर काच घट्ट बसवा आणि लाल पारदर्शक कागदाने झाका. मुंग्यांना लाल प्रकाश फारसा दिसत नाही, त्या शांत राहतात.

खरी कळीची गोष्ट राणी. तिच्याविना वसाहत वाढत नाही. पावसाळ्याच्या सुमारास पंख झडलेली राणी एकटी फिरताना दिसली तर परीक्षानळीत ठेवा: तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, तोंडालाही कापूस. पहिल्या कामकरी येईपर्यंत मुंगळ्यांची राणी खात नाही, तोवर तिला अंधारात राहू द्या. वारंवार उघडून पाहू नका, बिथरलेली राणी स्वतःचीच अंडी खाते. कामकरी वीसेक झाल्या की मगच नव्या घरात हलवा.